चाकूची निवडही जमीन पाहून : पेण व रोहा तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठी

भाताचे बी निवडताना आपला शेतकरी प्रथम जमिनीचा विचार करतो. पेणच्या खारेपाटात, जेथे बांधापलीकडे भरतीचे पाणी उभे असते, तेथे तो पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या क्षारसहनशील जातींची चौकशी करतो. रोह्याच्या गोड्या जमिनीत, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्याखाली, तो कर्जतच्या जाती लावतो. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे असल्याने तेथील सल्ल्यावर त्याचा भरवसाही आहे. परंतु हाच विचारी मनुष्य आठवड्याच्या बाजारात चाकू घ्यावयास बसला की पात्याची चकाकी आणि मुठीचा रंग पाहतो, किंमत दोन वेळा कमी करून घेतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तो चाकू गंजून उघडेनासा झाला म्हणजे दुकानदारास दोष देतो. वस्तुतः चाकूचा बहुधा दोष नसतो. तो त्या जागेचा नव्हता, इतकेच.

खिशातील चाकू ही वस्तू लहान असल्यामुळे तिच्याविषयी कोणी लिहीत नाही. नांगर, पॉवर टिलर, मळणीयंत्र यांवर आपण पुष्कळ वाचतो. पण दिवसातून वीस वेळा हाती लागणारे अवजार पाहू गेल्यास ते हेच ठरेल. खताच्या पोत्याची शिवण सोडविणे, सुतळी व काथ्या कापणे, ठिबकाची नळी सरळ छाटणे, आच्छादनाच्या कागदास छिद्र पाडणे, वालाच्या शेंगा व पडवळ देठासह तोडणे, कलिंगड चिरून पाहणे ही सगळी त्याचीच कामे. थंडीत शेतावर पोपटी लावण्याचा बेत ठरला म्हणजे भांबुर्डीचा पाला कापण्यासही तोच निघतो.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस तर हा चाकू डोळ्यांइतकाच उपयोगी आहे. भाताच्या चुडात मधला पोंगा वाळलेला दिसला असता तो फुटवा बुडाशी कापून उभा चिरावा. आत अळी अथवा तिची विष्ठा आढळली तर तो खोडकिडा होय, आणि मग दुसऱ्या कशावर औषध फवारण्याचा खर्च वाचतो. वांग्याचे झाड हिरवेच असताना एकाएकी माना टाकू लागले, तर त्याच्या बुंध्याजवळचा दोन-तीन इंचांचा तुकडा स्वच्छ कापून काचेच्या पेल्यातील नितळ पाण्यात अधांतरी धरावा. काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखे पांढरट धागे खाली उतरू लागले तर ती जीवाणूजन्य मर समजावी. या रोगाने कोकणातील वांग्याचे मळे वारंवार बसतात, आणि बुरशीनाशकाच्या पंपाने तो आटोक्यात येत नाही. ही परीक्षा शेतकऱ्यास त्याच्या बांधावर करून दाखविता येते. तिला प्रयोगशाळा लागत नाही, धारदार पाते मात्र लागते. बोथट पात्याने खोड चेंगरते व धागे नीट दिसत नाहीत.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. खिशातील चाकू हा कोयत्याचा धाकटा भाऊ नव्हे. आपल्याकडे कमरेच्या मागे लाकडी आकड्यात कोयता अडकवून रानात जाण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. राबासाठी टहाळ तोडणे, कुंपणाच्या काट्या साळणे, नारळ सोलणे ही कामे कोयत्याच्या वजनाने होतात. भातकापणीस विळा लागतो, आणि कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला दातेरी पात्याचा वैभव विळा आता पुष्कळांच्या हाती आहे. आंबा उतरविण्यास त्याच विद्यापीठाचा नूतन झेला आहे, जो फळ देठासह कापून जाळीत घेतो. ज्याने त्याने आपापले काम करावे. चाकूच्या पाठीवर दगड ठोकून फांदी चिरणे, पात्याचे टोक स्क्रूसारखे फिरविणे, त्याने माती उकरणे हे प्रकार ज्या घरात चालतात त्या घरात चांगला चाकू एक वर्ष टिकत नाही. हाताला होणाऱ्या निम्म्याअधिक जखमाही अशा वेळीच होतात, असे मला वाटते.

आता पोलादाकडे वळू. चाकूची पाती ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक साधे, कर्बयुक्त पोलाद. गावचा लोहार मोटारीच्या जुन्या कमानपट्टीपासून जे पाते घडवितो ते याच जातीचे. त्यास धार लवकर चढते, ती अतिशय तीक्ष्ण होते, आणि साध्या दगडावर ती पुन्हा आणता येते. त्याचा वैरी एकच, तो म्हणजे गंज. दुसरे ते न गंजणारे पोलाद, ज्यास आपण बोलण्यात स्टील म्हणतो. त्यात क्रोमियम हा धातू पुरेशा प्रमाणात मिसळलेला असतो. हवेशी संयोग होऊन त्याचा एक अतिशय पातळ थर पात्यावर धरतो व तो खालच्या लोखंडाचे रक्षण करतो. अशा पात्यास धार लावण्यास वेळ अधिक लागतो. तेही अजिबात गंजत नाही असे नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेले पाते तसेच मिटून ठेवले तर त्यावरही लहान लहान खड्डे पडतात.

पेणच्या पश्चिमेकडील गावांत हवाच खारट आहे. मिठाचा सूक्ष्म अंश प्रत्येक वस्तूवर बसतो, तो हवेतील ओल शोषून घेतो, आणि पाऊस नसतानाही लोखंड ओलसर राहते. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाचे चार महिने त्यात मिळवावे. अशा ठिकाणी रोजच्या कामाचा चाकू न गंजणाऱ्या पोलादाचाच असावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जिताड्याच्या तळ्यावर अथवा खाडीच्या बांधावर ज्यांचे काम चालते त्यांनी तर दुसरा विचारच करू नये. रोह्याच्या आतील भागात, बागायत व रोपवाटिका असलेल्या गावांत, साधे पोलाद चालू शकेल. मात्र चाकू रोज संध्याकाळी पुसून तेलाचा हात देण्याची सवय असली पाहिजे. तालुक्याच्या नावावर मात्र जाऊ नये. पेणमध्येही डोंगराकडील गावे आहेत आणि रोह्यातही कुंडलिकेच्या खाडीकडे खारजमीन आहे. आपल्या घराच्या खिडकीचे गज किती वर्षांत गंजतात, ते पाहून ठरवावे.

न गंजणारे म्हणून विकले जाणारे प्रत्येक पाते चाकूच्या कामाचे असतेच असे नाही. “चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टील” असे दुकानात सांगण्याची पद्धत आहे. भांड्यांच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य असेल, चाकूच्या बाबतीत न्याय नेमका उलटा लागतो. ज्या न गंजणाऱ्या पोलादास पाणी देऊन कठीण करता येते त्यास चुंबक चिकटते. ज्यास चिकटत नाही ते बहुधा ताट-वाट्यांचे पोलाद असते. ते मऊ असल्यामुळे त्याची धार चार दोऱ्या कापताच बसते. सबब लहानसा चुंबक जवळ ठेवावा आणि तो चिकटला नाही तर तो चाकू परत ठेवावा. चिकटला म्हणजे पाते उत्तम असे मात्र सिद्ध होत नाही, कारण साध्या लोखंडासही चुंबक चिकटतोच.

पात्याची लांबी अडीच ते तीन इंच पुरे. याहून लांब पाते मिटविलेल्या स्थितीत खिशात मावत नाही आणि कामाच्या वेळी त्याचे टोक कोठे आहे हे ध्यानात राहत नाही. धार सरळ, साधी असावी. करवतीसारखे दाते असलेले पाते नायलॉनची दोरी झटकन कापते खरे, परंतु त्यास घरी धार लावता येत नाही. टोक फार अणकुचीदार नको. मेंढीच्या खुरासारखे, पाठीकडून खाली वळलेले टोक गुरांच्या जवळ काम करणाऱ्यास विशेष सोयीचे पडते. गोठ्यात पुराचे पाणी शिरल्यावर दाव्याची गाठ भिजून घट्ट बसते व बोटांनी सुटत नाही. अशा वेळी अंधारात, तडफडणाऱ्या बैलाच्या मानेजवळ दावे कापावे लागते. तेथे सुरीसारखे टोक असले तर जनावर वाचविता वाचविता त्यासच इजा व्हावयाची.

याहूनही महत्त्वाचा आहे तो खटका. उघडलेले पाते पक्के अडकून राहील अशी योजना ज्या चाकूत नाही, तो जोर लावताच बोटांवर मिटतो. दुकानात चाकू उघडावा, पात्याची धार आपल्यापासून दूर धरून त्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबावी आणि बोटे मात्र पात्याच्या मार्गात ठेवू नयेत. खटका सरकला तर चाकू घेऊ नये. नंतर पाते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. रिपीट सैल असल्यास ते खुळखुळते, आणि आज जे किंचित हलते ते सहा महिन्यांनी पुष्कळ हलते. मिटविल्यावर धारेचा कोणताही भाग मुठीबाहेर राहता कामा नये. शेवटी हात ओला करून उघडझाप करून पाहावी, कारण आपल्याकडे वर्षातील चार महिने हात ओलाच असतो.

मुठीविषयी एक परदेशी उदाहरण देण्याजोगे आहे. फ्रान्सच्या सव्हाय या डोंगराळ प्रांतात जोसेफ ओपिनेल या कारागिराने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा घडीचा चाकू तयार केला. लाकडी मूठ, एक पाते, बस्स. १९५५ च्या सुमारास त्यास पाते अडकविणारी फिरती कडी बसविण्यात आली आणि आज तो चाकू जगभर जातो. वस्तू साधी असूनही नामांकित होऊ शकते, हे त्यावरून दिसते. पण त्याची लाकडी मूठ ओल्या हवेत फुगते व पाते आत आवळून धरते, अशी तक्रार त्याच्या मायदेशीही ऐकू येते. मग कोकणातील आषाढात तिची काय दशा होईल? आपल्याकडे मूठ रबरासारख्या अथवा खरखरीत प्लास्टिकच्या पदार्थाची असावी. लाकडीच हवी असल्यास ती तेल मुरविलेली असावी. रंग तांबडा किंवा पिवळा पाहून घ्यावा. काळ्या मुठीचा चाकू चिखलात पडला म्हणजे तो पुढील नांगरणीलाच सापडतो.

खिशातील चाकू असे आपण म्हणतो खरे, परंतु लावणी, भाजीतोडणी व रोपवाटिका यांतील मोठा भाग ज्या उचलतात त्या भगिनींच्या लुगड्यास खिसा कोठे असतो? त्या पैसे कनवटीस लावतात आणि बहुधा उघडा विळा किंवा ब्लेडचा तुकडा हातात घेऊन फिरतात. ब्लेडचा तुकडा फार घातक आहे. तो बोट कापतोच, शिवाय भाजीच्या पाटीत किंवा गुरांच्या वैरणीत हरवतो. घरात चाकू आणावयाचा तर एक मालकासाठी व एक मालकिणीसाठी, असे दोन आणावे. कनवटीत सुरक्षित राहील असा, आपोआप न उघडणारा, गळ्यात किंवा कमरेस दोरीने बांधता येईल असा चाकू निवडावा. मेळाव्यात अवजारांचे प्रदर्शन मांडताना कार्यकर्त्यांनी हा विषय भगिनींच्या बैठकीत आवर्जून काढावा.

कलमे बांधणाऱ्यांस मात्र वेगळा चाकू लागतो आणि येथे तडजोड चालत नाही. आंब्याचे कोयकलम करताना कोय रुजून जेमतेम दोन आठवडे झालेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून त्यात उभी चीर देतात व तितक्याच जाडीच्या कलमकाडीस पाचरीसारखा आकार देऊन ती त्यात बसवितात. दोहोंच्या सालीखालील वाढीचा थर एकमेकांस चिकटून राहिला तरच जोड सांधतो. काप एकाच ओढीत, काचेसारखा गुळगुळीत झाला पाहिजे. पाते दुपारी सुतळी कापून आलेले असेल तर काप तंतुमय होतो, मध्ये पोकळी राहते, तीत बुरशी शिरते आणि काडी काळी पडते. शेतकरी मग काडीस किंवा हवेस बोल लावतो. कलमाचा चाकू साध्या कर्बयुक्त पोलादाचा, एकाच बाजूने धार उतरविलेला असावा, कारण सपाट बाजूमुळे काप सरळ येतो. तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा व घरातील कोणासही कांदा चिरण्यास देऊ नये. यावरून घरात कुरबूर होईल, ती सोसावी.

रोगट झाडावरून निरोगी झाडावर जाताना पाते पुसणे हा नियम फार थोडे लोक पाळतात. वांग्याची मर, केळीची मर, कलिंगडावरील व काकडीवरील काही विषाणू हे पात्याला लागलेल्या रसातून पुढच्या झाडास पोहोचतात. रोगाची शंका आलेले झाड शेवटी कापावे आणि प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. विरंजक द्रव्याच्या पाण्यानेही निर्जंतुकीकरण होते, तथापि ते पात्यास खाते. वापरलेच तर लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. स्पिरिट पेट घेते, यास्तव विडी पेटलेली असताना ते हातात घेऊ नये. गुरांचे खूर साफ करणारा चाकू फळांस लावू नये, हे सांगण्याची वास्तविक गरज पडू नये.

धार लावण्यास एक बाजू भरड व दुसरी बारीक असलेला दगड घ्यावा. दगड ओला करून पाते त्यावर आडवे ठेवावे व पाठ किंचित उचलावी. पात्याची रुंदी दोन सेंटिमीटर असेल तर पाठ दगडापासून सुमारे सात मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या निम्म्या जाडीइतकी वर असावी. हाच कोन शेवटपर्यंत राखून दोन्ही बाजूंनी सारखे घास द्यावेत. कलमाचा चाकू एकाच बाजूने घासावा आणि सपाट बाजूची केवळ कणी उतरवावी. बाजारात विजेच्या चाकावर ठिणग्या उडवीत धार लावून देणारे भेटतात, त्यांच्याकडे चाकू देण्याचा मोह टाळावा. कोरड्या चाकावर पाते तापून निळसर झाले म्हणजे त्याचे पाणी उतरले. त्यानंतर किती घासले तरी ती धार टिकत नाही. बोथट चाकू सुरक्षित असतो, ही समजूतही खोटी आहे. बोथट पात्यास जोर अधिक लावावा लागतो, ते घसरते, आणि जेथे जावयास नको तेथे जाते.

खाऱ्या पाण्यात किंवा चिखलात काम झाल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवावा, खाचेतील माती काडीने काढावी, पुसून उघडाच वाळू द्यावा आणि सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. फळे कापण्याच्या चाकूस खोबरेल तेल चालते. जवसाचे तेल मात्र नको, ते सुकून चिकट होते व खटका अडकतो.

कायद्याविषयी कित्येकजण विचारतात. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख असून घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठी बनविलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तीन इंचांचा शेतीचा चाकू त्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो. तथापि बटण दाबताच पाते झेपावणारा, रामपुरी थाटाचा चाकू शेतकऱ्याने घेऊ नये. शेतीत त्याचा उपयोग नाही आणि पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर देण्यात दिवस मोडतो. कामाचा चाकू जत्रेत, मिरवणुकीत किंवा ग्रामसभेत नेण्याचेही कारण नाही.

आता जखमेविषयी. लावणीच्या दिवसांत बोटावर लहानशी चीर पडली तर आपण तीवर हळद दाबतो आणि पुन्हा खाचरात उतरतो. हे धोक्याचे आहे. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरेतून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने किती थैमान घातले ते अनेकांस स्मरत असेल. जखम साबण व स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, कोरड्या पट्टीने बांधावी, आणि ती भरेपर्यंत तो हात खाचराच्या पाण्यात घालू नये. घालणे अटळच असेल तर रबरी हातमोजा वापरावा. त्यानंतरच्या दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा अथवा डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर दवाखान्यात जाऊन “मी खाचरात काम करतो, हाताला चीर होती” हे आपणहून सांगावे. शेण व मातीने भरलेल्या जखमेतून धनुर्वात होतो. सबब लस शेवटची कधी घेतली ते आठवत नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्याच दिवशी विचारावे.

आणि एका कामासाठी हा चाकू खिशातून कधीही बाहेर काढू नये, ते म्हणजे सर्पदंश. दंशाची जागा चिरून रक्त वाहू देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे व ती अजून गेलेली नाही. चिरल्याने विष बाहेर येत नाही. उलट फुरसे व घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती आधीच नाहीशी होत असते, तेव्हा त्या चिरेतूनच अतोनात रक्तस्राव होतो. आपल्याच जिल्ह्यात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, सर्पदंशाच्या रुग्णांवरही दीर्घकाळ उपचार केले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषधे आहेत, ती देणारे हात आहेत, वेळेवर पोहोचणे मात्र आपल्याकडे आहे. दंश झालेल्या माणसास आडवे करावे, धीर द्यावा, अंगठ्या, बांगड्या व जोडवी काढावीत. दंशाचा हात किंवा पाय काठी लावून सैलसर बांधावा, म्हणजे तो हलणार नाही. दोरीने आवळू नये, चिरू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून, अथवा मिळेल त्या वाहनाने, पेण किंवा रोहा यांपैकी जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष तेथेच द्यावयाचे असते. वाटेत चाकूचा उपयोग पडलाच तर तो सुजणाऱ्या दंडावरील घट्ट बाही कापण्यापुरता.